कॅमेरा चालू, माईक बंद

माझी पीएच.डी.ची नोंदणी झाली तेव्हा माझी मुलगी पाचवीत होती. ती अकरावीत गेली तरी माझी दोनच प्रकरणं लिहून झाली होती. त्यातलं पहिलं प्रस्तावनेचं होतं, म्हणजे ते कुणीही लिहू शकलं असतं.

विषय होता कोरेगाव तालुक्यातले आठवडी बाजार. मी कोरेगावच्या कॉलेजात भूगोल शिकवते आणि साताऱ्यात राहते. विषय निवडताना माझा हिशेब साधा होता. बाजारात आपण जातोच, तर जाता जाता अभ्यासही होईल. प्रत्यक्षात जाता जाता भाजी झाली. भरून घेतलेल्या प्रश्नावल्यांचे गठ्ठे नवऱ्याच्या लष्करी ट्रंकेत पडून राहिले. तो सैन्यात हवालदार क्लार्क होता. निवृत्त होऊन आता साताऱ्यातच एका बँकेत आहे. ट्रंकेवर अजून त्याचा नंबर आणि युनिट पांढऱ्या रंगात लिहिलेलं आहे. माझा सगळा प्रबंध त्या नंबराखाली गाडलेला होता.

जुलै महिन्यात माझ्या गाईडचा फोन आला. ते कऱ्हाडला असतात, शांतपणे बोलतात, आणि म्हणूनच त्यांची भीती वाटते. त्यांनी आधी पावसाची चौकशी केली, मग मुलीच्या अभ्यासाची, आणि मग म्हणाले, "मॅडम, पुढच्या जूनमध्ये मी रिटायर होतोय. त्याआधी तुमचं झालं नाही, तर नवा गाईड शोधावा लागेल. तोवर तुमचे बाजार उठलेले असतील."

दुसऱ्या कुणी त्या संध्याकाळी ट्रंक उघडली असती. मी फोन उघडला. मला खात्री पटली होती की माझ्यात काही कमी नाही, फक्त वेळेचं नियोजन नाही. आणि नियोजनासाठी फोनमध्ये इतकी साधनं फुकट मिळत असताना आपण सहा वर्षं उगाच दवडली.

पहिलं साधन झाडांचं होतं. पंचवीस मिनिटं फोनला हात लावला नाही की पडद्यावर एक झाड उगवायचं. मध्येच हात लावला की ते वाळून जायचं. मी तिसऱ्या वर्षाच्या मुलांना जंगलतोडीवर तीन तास शिकवते, त्यामुळे ही कल्पना मला फार भावली. पहिल्या आठवड्याच्या शेवटी माझ्या जंगलात नऊ वाळलेली खोडं आणि दोन झुडपं होती. एकच झाड डेरेदार वाढलं होतं, कारण ते वाढत असताना मी दुपारची झोपले होते.

मग मला वाटलं की फोन हाच खरा शत्रू आहे, कागदावर यायला पाहिजे. राजपथावरच्या दुकानातून मी एक जाड डायरी आणि सहा रंगांची पेनं आणली. कॉलेज लाल, स्वयंपाक पिवळा, येणंजाणं निळं, प्रबंध हिरवा, असं ठरवून एक अख्खा रविवार मी पुढच्या तीन महिन्यांचे चौकोन रंगवले. जेवायलासुद्धा डायरी घेऊन बसले. संध्याकाळी मुलगी मागे येऊन उभी राहिली, पानं उलटून बघितली आणि म्हणाली, छान दिसतंय, पण यात हिरवा कुठे आहे. मी म्हटलं, हिरवा पुढच्या आठवड्यापासून आहे.

नवऱ्याला यातलं काही कळत नव्हतं, कारण त्याला कधी गरजच पडली नाही. तो गजर न लावता पाचला उठतो, सव्वापाचला दाढी करतो, आणि कुठल्या दिवशी काय करायचं हे त्याला कुठेही लिहावं लागत नाही. एका बाईने व्हिडिओत सांगितलं म्हणून मी दर पंधरा मिनिटांची नोंद ठेवायला लागले, तेव्हा मात्र त्याला पहिल्यांदा माझ्याबद्दल आदर वाटला. पहाऱ्यावरच्या शिपायाचं असंच रजिस्टर असतं म्हणाला. आठवड्याने त्याने ते रजिस्टर चष्मा लावून, एकेका ओळीवर बोट ठेवत वाचलं. सव्वानऊ ते साडेनऊ, विचार. साडेनऊ ते पावणेदहा, विचार. पावणेदहा ते दहा, चहा.

"अगं, ह्यो विचार कशाचा हाय?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, तिसऱ्या प्रकरणाचा.

"मग च्या पण त्येचाच लिही की," तो म्हणाला. तो चेष्टा करत नव्हता. नोंद पूर्ण असावी एवढंच त्याचं म्हणणं होतं.

शेवटी मी लॅपटॉपवर असं काही बसवलं की ते आपोआप मोजायचं, कुठली खिडकी किती वेळ उघडी होती. आपण खोटं बोलू शकतो, यंत्र बोलणार नाही, असा विचार त्यामागे होता. आठवड्याने त्याने एक गोल चित्र काढून दाखवलं. प्रबंधाची फाईल चाळीस मिनिटं उघडी होती. वेळ कसा वाचवावा याबद्दल वाचण्यात आणि बघण्यात अकरा तास गेले होते. ते अकरा तास नारिंगी रंगात होते. ते साधन मी त्याच दिवशी काढून टाकलं. त्याच्यामुळे एकाग्रता होत नव्हती.

सप्टेंबरमध्ये संशोधनपद्धतीची एक ऑनलाइन कार्यशाळा झाली. सात दिवस नुसतं ऐकायचं होतं, त्यामुळे मला जमली. शेवटच्या दिवशी एका तज्ज्ञ बाईंनी सांगितलं की एकटीने लिहिणं अवघड जातं, जोडीने लिहा. दोघींनी कॅमेरा चालू ठेवायचा, माईक बंद करायचा आणि एकमेकींसमोर आपापलं काम करायचं. समोर कुणी काम करताना दिसलं की आपल्याला उठवत नाही. मग त्यांनी जोड्या लावून दिल्या, आणि माझ्या वाट्याला सांगलीच्या एक मॅडम आल्या.

त्या वाणिज्य शिकवायच्या. त्यांचा विषय होता सांगलीच्या बाजारातले हळदीचे सौदे. सासरी पिढ्यानपिढ्या हळदीचाच व्यापार, जैन कुटुंब, घरात अकरा माणसं. फोनवर त्या सावकाश आणि नेमकं बोलल्या. सकाळी साडेपाच ते साडेसात बसायचं, रविवारी सुट्टी. सुरुवातीला आज काय करणार ते सांगायचं, शेवटी काय झालं ते सांगायचं, मधे एक शब्द नाही. मी सगळ्याला हो म्हटलं. माणसाचं साधन मी अजून वापरून बघितलं नव्हतं.

पहिल्या दिवशी मी पाचला उठून वेणी घातली आणि गाऊन बदलून कुर्ता घातला. माझ्या मागच्या फळीवर लोणच्याच्या बरण्या असायच्या. त्या उतरवून तिथे पुस्तकं लावली. पडद्यावर सांगलीच्या मॅडम दिसल्या. पन्नाशीच्या जवळ, मोठा चष्मा, मागे एक हिरवं लोखंडी कपाट आणि बंद दार. आज दुसऱ्या प्रकरणाच्या तळटिपा करणार, असं त्यांनी सांगितलं आणि मान खाली घातली. ती मान साडेसातला दोन मिनिटं कमी असताना वर आली.

असं लिहिणारं माणूस मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. त्या थोडं लिहायच्या, थांबायच्या, डोळे मिटून छताकडे तोंड करायच्या, ओठ हलायचे, परत खाली बघून दोन अक्षरं लिहायच्या, खोडरबराने खोडायच्या. पेन्सिलने लिहीत होत्या. एकेका शब्दाची एवढी काळजी घेणारी संशोधक बघून मला माझीच लाज वाटली, आणि लाजेचा परिणाम असा झाला की मी खरोखर लिहायला लागले. पहिले आठ-नऊ दिवस रोज तीन पानं. नवऱ्याने हे मनावर घेतलं. सहाच्या ठोक्याला तो माझ्याजवळ चहा आणून ठेवायचा. अंगात नुसती बनियन असल्यामुळे कॅमेऱ्यात येऊ नये म्हणून पूर्ण वाकून, टेबलाच्या उंचीखालून यायचा आणि तसाच परत जायचा. सैन्यात हे शिकवतात.

दहाव्या दिवशी मी अडकले. एका गावच्या बाजाराची मी दोन वेळा मोजणी केली होती, आणि दोन्ही वेळच्या दुकानांच्या संख्येत इतका फरक होता की ती एकाच गावाची वाटेना. यातली खरी कुठली, हे ठरल्याशिवाय पुढचे तक्ते होणार नव्हते. आणि ठरवायचं तर परत त्या गावाला जायला हवं होतं. पेन थांबलं. पण समोर एक बाई मान खाली घालून लिहीत होती. तिच्यासमोर रिकामं बसणं मला जमेना, म्हणून मी लिहीत राहिले.

त्या दिवशी मी किराणा मालाची यादी लिहिली. दुसऱ्या दिवशी सातारा ते कोरेगाव रस्त्यावरचे एसटीचे सगळे थांबे, मग परतीच्या क्रमाने परत तेच. तिसऱ्या दिवशी, मी स्वतः कॉलेजात शिकत असताना माझ्या वर्गात असलेल्या मुलींची नावं हजेरीच्या क्रमाने आठवून लिहिली. अडतीसपर्यंत आठवली आणि राहिलेल्या चौघींनी मला चार दिवस छळलं. ती संपल्यावर दुसरं प्रकरण चांगल्या अक्षरात उतरवून काढलं. साडेसातला मॅडमनी विचारलं, किती झालं. मी म्हटलं, चार पानं. पानं खरंच चार झाली होती. त्या म्हणाल्या, माझी पाच झाली. दुसऱ्या दिवशी मी सहा सांगितली.

इथून पुढे माझा तोल गेला. त्या सहा म्हणाल्या की मी साडेसहा म्हणायची. अर्ध्या पानामुळे खरं वाटतं, हे मला तेव्हा कळलं. दिवाळीपर्यंत माझा तोंडी प्रबंध दोनशे पानांच्या पुढे गेला होता. मजा अशी की ज्यांच्याशी खोटं बोलून काही फायदा होता त्या गाईडना मी फक्त "चालू आहे, सर" एवढंच सांगत होते. आणि जिचा माझ्या पदवीशी काही संबंध नाही तिला रोज सकाळी पानांची संख्या फुगवून सांगत होते.

हळूहळू मला साडेपाचची धास्ती बसली. एका सकाळी लिहायला काही म्हणजे काहीच सुचेना. किराणा संपला होता आणि थांबे पाठ झाले होते. तेव्हा नेट अडकल्याचं नाटक करावं असं माझ्या डोक्यात आलं. मी पेन हवेत धरलं, पापणी न हलवता समोर बघत राहिले. पडद्यावरचं चित्र थिजलंय असं त्यांना वाटेल आणि थोड्या वेळाने कॉल बंद करता येईल, असा बेत होता. मिनिटभर छान जमलं. मग सहा वाजले. नवरा वाकायला विसरला. माझ्या थिजलेल्या चित्रामागून बनियनमधला एक माणूस कप घेऊन डावीकडून आला, कप ठेवला आणि उजवीकडे निघून गेला. तरी मी हलले नाही. चहाच्या वाफा माझ्या तोंडासमोरून वर जात होत्या. मॅडमनी त्यांच्या समोरची फाईल उचलून चेहऱ्यापुढे धरली आणि बराच वेळ तशीच धरून ठेवली. मला वाटलं, काहीतरी बारीक अक्षर वाचतायत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी फक्त विचारलं, काल नेट गेलं होतं का. मी हो म्हटलं.

डिसेंबरात परीक्षेचे पेपर तपासायला मला दोन दिवस सांगलीला जायचं होतं. हे मी त्यांना सांगायला नको होतं, पण सांगून बसले. त्यांनी लगेच घरी बोलावलं, आणि वर म्हणाल्या, तिसरं प्रकरण आणा, मला वाचायचंय. साताऱ्याहून निघताना मी कंदी पेढे घेतले आणि कऱ्हाड येईपर्यंत कारणं शोधत बसले. शेवटी पेनड्राईव्ह विसरला हे कारण पक्कं केलं. विसरल्यासारखं दिसावं म्हणून तो मुद्दाम घरीच ठेवला होता. त्यात तसंही काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तपासणी संपवून पाचच्या सुमाराला मी त्यांच्या घरी गेले. बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत दुमजली घर होतं आणि जिन्यापर्यंत हळदीचा वास येत होता. दार त्यांच्या सासूबाईंनी उघडलं.

"या की मॅडम," त्या म्हणाल्या. "तुमीच न्हवं साताऱ्याच्या?"

त्यांच्या घरात मी प्रसिद्ध होते. सासूबाई सांगत होत्या की सूनबाई रोज तुमचं नाव काढते. साताऱ्याच्या मॅडम नोकरी आणि घर सांभाळून दिवसाला सहा-सहा पानं लिहितात, म्हणून मलाही बसलंच पाहिजे म्हणते. त्या दोन तासांत कुणीही तिचं दार वाजवायचं नाही, असं सासऱ्यांनी सांगून ठेवलंय. सकाळचा पहिला चहा आणि डबे तिची धाकटी जाऊ बघते. धाकटी जाऊ तिथेच उभी होती. तिने माझ्याकडे जे बघितलं त्यात कौतुक फार नव्हतं.

सूर्य मावळायच्या आत त्या घरात जेवणं होतात, त्यामुळे मला लगेच पाटावर बसवलं. भाकरी, मुगाची आमटी, शेंगदाण्याची चटणी, दही. जेवताना सासऱ्यांनी विचारलं की तुमच्या कोरेगाव भागात बाजारात हळद कुठली येते. सहा वर्षं बाजारांचा अभ्यास करून मला ते सांगता येईना. मी म्हटलं, सांगलीचीच असावी. ते समाधानाने हसले.

जेवण झाल्यावर मॅडम मला त्यांच्या खोलीत घेऊन गेल्या आणि दार लावलं. हिरवं कपाट मी रोज बघत होते तसंच होतं, फक्त कॅमेऱ्यात दिसायचं त्यापेक्षा बुटकं. मी पर्स उघडून पेनड्राईव्ह शोधायला सुरुवात केली. कोपऱ्याकोपऱ्यात बघितलं. त्या म्हणाल्या, "थांबा. आधी मी दाखवते. तुमचं वाचल्यावर मला दाखवायचा धीर होणार नाही."

त्यांनी कपाटातून एक फाईल काढली. वर प्रबंधाचं नाव सुबक अक्षरात लिहिलेलं होतं. मी उघडली. आत वर्तमानपत्रांतून कापलेली शब्दकोडी होती. पाठकोऱ्या कागदांवर एकेक चिकटवलेलं, खाली तारीख, चौकोनांत पेन्सिलने भरलेली अक्षरं, काही ठिकाणी खोडून कागद विरलेला. शंभर-दीडशे तरी असतील.

मला आधी कळलंच नाही. मी विचारलं, हे परिशिष्ट आहे का.

त्या खुर्चीत बसल्या आणि सांगायला लागल्या. प्रबंध त्यांनी मागच्याच वर्षी सोडला होता. गाईडना तसं कळवूनही झालं होतं. दोन प्रकरणं लिहिल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण चाळीस पानांत जे मांडतोय ते सासरे हळदीचं एक कांडं मोडून बघतात आणि दोन वाक्यांत सांगतात. त्यानंतर त्यांचं मन उडालं. पण घरी त्यांनी हे सांगितलं नाही. कार्यशाळेला नाव घातलं तेही त्यासाठीच, आणि पडद्यावर समोर कुणी लिहिताना दिसत असलं तर बरं, म्हणून जोडीला हो म्हटलं.

"पीएच.डी. म्हटलं की दार लावता येतं," त्या म्हणाल्या. "कोडं सोडवायचंय म्हटलं तर कोण लावू देईल?"

खरं सांगायचं तर मला आधी राग आला. तीन महिने मी या बाईच्या एकाग्रतेपुढे खचत होते, आणि ती आडवे-उभे शब्द शोधत होती. हिच्या पाच पानांवर मात करायला मी सहा सांगत होते. मग माझ्या लक्षात आलं की मी काय लिहीत होते, आणि राग धरायला जागाच उरली नाही. मी पर्स बंद केली आणि सगळं सांगितलं. किराणा, एसटीचे थांबे, अडतीस मुली, नेट अडकल्याचं नाटक.

"ते मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "तुमचे मिस्टर मागून गेले की."

फाईल तोंडापुढे कशाला धरली होती ते मला तेव्हा कळलं. मग आम्ही दोघी इतक्या हसलो की मला ठसका लागला. बाहेरून सासूबाईंनी दार वाजवून काय झालं विचारलं. मॅडमनी दार न उघडता सांगितलं, चर्चा चालू आहे. चालू द्या, चालू द्या, म्हणत त्या निघून गेल्या.

हसून झाल्यावर त्यांनी विचारलं की मी नक्की अडकले कुठे. तीन महिन्यांत हे मला कुणी विचारलं नव्हतं, कारण मी अडकलेय हेच कुणाला माहीत नव्हतं. मी दोन मोजण्यांचं सांगितलं. त्यांनी तारखा विचारल्या, वार विचारला, किती वाजता मोजलं ते विचारलं. मला यातलं निम्मं आठवत नव्हतं. मग त्या म्हणाल्या, ट्रंकेतले कागद बघण्यापेक्षा तिसऱ्यांदा मोजून या, तेवढ्याच वेळात होईल.

त्याच महिन्यात नवरा आणि मी मोटरसायकलवर त्या गावाला गेलो. एका टोकाकडून मी मोजत निघाले, दुसऱ्या टोकाकडून तो. आमच्या दोघांच्या मोजणीत अकरा दुकानांचा फरक आला. त्याचं म्हणणं पडलं की त्याचीच बरोबर आहे, कारण मी मधे मेथी घ्यायला थांबले होते. मी म्हटलं, टोपलीभर लिंबं घेऊन बसलेल्या म्हातारीला तू दुकान धरलंस. तो म्हणाला, "ती इकतीया न्हवं? मग दुकानच झालं." बाजाराच्या मधोमध आमचं यावर चांगलं वाजलं. लिंबं विकणाऱ्या आजींनी शेवटी विचारलं की तुमी सरकारकडनं आलाय का, आणि उठून जायची तयारी करायला लागल्या.

सोमवारी सकाळी मी हे सांगितलं तेव्हा सांगलीच्या मॅडम म्हणाल्या, हेच लिहा की. दुकान कशाला म्हणायचं ते ठरत नाही, म्हणून आकडा ठरत नाही. मी ते लिहिलं. सात पानं झाली, खरी सात. पुढे गाईडनी सगळा प्रबंध वाचून परत दिला तेव्हा त्या सात पानांना त्यांनी कुठेही लाल शाई लावली नव्हती. बाकी सगळीकडे लावली होती.

आमचं बसणं चालू राहिलं, फक्त साडेसातला खरं सांगायचं असं ठरलं. हे वाटलं त्यापेक्षा अवघड होतं. "आज अर्धं पान, त्यातल्या सहा ओळी खोडल्या," असं मी सांगायची. "आडवे सगळे झाले, उभे चार राहिले," असं त्या सांगायच्या. कधीकधी मधेच माईक चालू करून त्या भूगोलाचं काही विचारायच्या. एकदा डोंगरातली वाट, दोन अक्षरी, असं होतं. मी छातीठोकपणे घाट सांगितलं. ती खिंड निघाली आणि त्यांचा सगळा डावा कोपरा बिघडला. भूगोलाच्या बाईंनी घाट सांगितला, असं त्या मला बरेच दिवस ऐकवत होत्या.

जूनच्या वीस तारखेला मी प्रबंध दिला. एकशे त्रेसष्ट पानं. गाईडच्या निवृत्तीला दहा दिवस होते. त्यांनी सही करताना एवढंच म्हटलं की माझ्याआधी पोहोचलात.

व्हायवा पुढच्या थंडीत विद्यापीठात झाली. सांगलीच्या मॅडम पहाटेची गाडी धरून आल्या आणि शेवटच्या रांगेत बसल्या. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तक्ते चाळले आणि विचारलं की एकाच बाजाराचे चार आकडे का दिलेत, यातला खरा कुठला. मी लिंबांच्या टोपलीचं सांगितलं. सांगताना मला पहिल्यांदा वाटलं की मला या विषयातलं काहीतरी कळतं. ते हसले आणि पुढचं पान उलटलं.

तिथून आम्ही साताऱ्याला घरी आलो. नवऱ्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि जेवण तयार ठेवलं होतं. कांदा-लसूण न घालता कसं करायचं हे त्याने मुलीला विचारून विचारून केलं होतं. जेवताना मॅडमनी त्यांच्या घरची बातमी सांगितली. प्रबंध सोडल्याचं त्यांनी शेवटी सासूबाईंना सांगितलं होतं. दोन दिवस शब्द जुळवून, रात्रीची झोप घालवून सांगितलं. सासूबाईंना ते पहिल्यापासून माहीत होतं. रद्दीत जाणाऱ्या प्रत्येक वर्तमानपत्राला चौकोनी भोक असायचं. रद्दीवाल्याने तक्रारही केली होती.

"मग बोलल्या का नाहीत?" मी विचारलं.

"मीही तेच विचारलं," मॅडम म्हणाल्या. "तर म्हणाल्या, त्या टायमाला तू कुणाशी भांडत नव्हतीस."

सासरे चिडले होते. त्यांचा राग प्रबंध सोडल्याचा नव्हता. त्यांचं सौद्यांचं ज्ञान आता पुस्तकात येणार नाही याचा होता. धाकट्या जावेने मात्र दुसऱ्याच दिवशी सांगितलं की मग आता डबे वाटून घेऊ. ते रास्तच होतं. आता मॅडम आठवड्यातून तीनच दिवस साडेपाचला येतात. आणि त्या तीन दिवसांतही सासूबाई सहा वाजता दार ढकलून आत येतात, कारण जुने शब्द त्यांना जास्त येतात आणि कोडं अर्धवट बघवत नाही. दार लावून काही उपयोग नाही, त्या आतच असतात, असं मॅडम म्हणाल्या. त्यांच्या आवाजात तक्रार होती आणि ती खरी होती.

गेल्या महिन्यात आमच्या प्राचार्यांनी मला बोलावून सांगितलं की आता तुम्ही डॉक्टर झालात, तेव्हा मुलांना वेळेच्या नियोजनावर व्याख्यान द्या. नोकरी, घर आणि संशोधन एकत्र सांभाळणाऱ्या बाईंकडून त्यांना ऐकायचं होतं. मला नाही म्हणायला हवं होतं. मी विचारलं, किती वेळ बोलायचंय. चाळीस मिनिटं, ते म्हणाले.

व्याख्यान येत्या शनिवारी आहे. आज सकाळी मी सांगितलं होतं की दोन तासांत पूर्ण लिहून काढते. साडेसातला पडद्यावर दोघी सासू-सुना एकाच चष्म्याची वाट बघत असल्यासारख्या शेजारी शेजारी बसल्या होत्या. सासूबाईंनी माईकजवळ तोंड आणून विचारलं, "किती झालं, मॅडम?"

मी खरं ते सांगितलं. मथळा झाला होता, आणि त्याच्याखाली रेघ मारली होती.

"बरं झालं," त्या म्हणाल्या, "उद्या लवकर बसा," आणि परत कोड्याकडे वळल्या.